गाडी कुठे तापली, ते आधी सांगा

भूगावात राहणाऱ्याला तापलेली गाडी बघायला लांब जावे लागत नाही. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला, पण पौड रस्त्याची गर्दी काही कमी झाली नाही. ती पुढे सरकते आणि आमच्या गावात येऊन थांबते. शनिवारी सकाळी मुळशी धरणाकडे आणि ताम्हिणीकडे निघालेल्यांची रांग, रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांची रांग. एप्रिल-मेच्या उन्हात या रांगेच्या कडेने चालत गेले की एखादी तरी गाडी बाजूला घेतलेली दिसते. बोनेट वर, आत वाफ आणि भोवती सल्ला देणारे तिघे-चौघे. एक म्हणतो, वरून पाणी ओता. दुसरा म्हणतो, झाकण उघडा. तिसरा म्हणतो, काही होत नाही, पिरंगुटपर्यंत तशीच न्या.

तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा तर तोंड भाजणारा आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांसाठी हा रस्ता सहलीचा नाही, गावाचा आहे. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, माणगाव या बाजूला ज्यांचे घर आहे ते ईदला, लग्नकार्याला, आंब्याच्या दिवसांत याच वाटेने उतरतात. गाडीत पाच जागा आणि माणसे सहा, मांडीवर तान्हे मूल, मागे आजारी दादी, डिकीत मिठाईचे डबे. अशा वेळी घाटात इंजिन बसले तर होणारा त्रास पैशांपुरता राहत नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्याने, आणि शेजारी बसणाऱ्यानेही, हा विषय एकदा नीट समजून घ्यावा. त्यासाठी मेकॅनिक व्हावे लागत नाही.

“गाडी तापते” एवढेच सांगून गॅरेजमध्ये जाणे म्हणजे “अंग गरम आहे” एवढेच सांगून डॉक्टरांकडे जाणे. डॉक्टर लगेच विचारतात: ताप कधी चढतो? संध्याकाळी? थंडी वाजून येतो? गाडीचेही तसेच आहे. ती उभी असताना तापली, पळताना तापली, की चढावर तापली, यावरून निम्मे निदान होते. दुर्दैवाने हा प्रश्न विचारणारे मिस्त्री कमी, आणि न विचारता सांगणारे गिऱ्हाईक त्याहून कमी.

आमच्या नात्यातल्या एका घरी हेच झाले. गाडी तापते म्हणून एका गॅरेजात रेडिएटर बदलला, दुसऱ्या गॅरेजात वॉटर पंप बदलला, तरी काटा वर जातच होता. शेवटी नववीत शिकणारी त्यांची मुलगी सहज बोलून गेली की सिग्नलला उभे राहिलो की एसीची हवापण कोमट होते, गाडी पळायला लागली की पुन्हा गार येते. तिसऱ्या मिस्त्रीने ते ऐकले आणि थेट पंख्याकडे गेला. पंख्याचा रिले जळला होता. तो सुटा भाग मुठीत मावणारा आणि शे-दोनशे रुपयांचा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि उभ्या गाडीत दोघांनाही तोच पंखा हवा देतो. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच वेळी येत होत्या. पोरीने लक्ष दिले, मोठ्यांनी नाही.

कुकरचे उदाहरण

इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जेवढी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती तिथून काढून नेण्याचे काम कूलंट करते. पंप कूलंटला फिरवतो, इंजिनातून ते गरम होऊन रेडिएटरमध्ये येते, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना हवेला उष्णता देते आणि गार होऊन परत जाते. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला. त्याआधीच्या मोटारींना पाणी पीत पीत जावे लागे. आजचा रेडिएटर त्याच कल्पनेचा वंशज आहे. नळ्या बारीक असल्यामुळे तो छान गार करतो, आणि नळ्या बारीक असल्यामुळेच तो चोंदतो.

आता कुकर आठवा. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. कुकरमध्ये दाब असल्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. गाडीच्या रेडिएटरचे झाकणही असाच दाब धरून ठेवते, बहुतेक गाड्यांत सुमारे १ बार. त्यात पाण्याऐवजी पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असेल तर ते १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही. इंजिन नेहमी ९० ते १०० अंशांच्या आसपास चालते, म्हणजे हाताशी चांगली मोकळीक असते. पण झाकणाची रबरी रिंग कडक झाली, चिरली, की दाब टिकत नाही आणि मोकळीक संपते. कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. गाडीच्या झाकणाचा मात्र कोणाला संशयही येत नाही. इतक्या स्वस्त वस्तूपायी महागडे भाग बदलले जातात.

आणि याच कारणासाठी गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. शिट्टी न काढता कुकरचे झाकण ओढल्यासारखे ते आहे. दाब सुटला की आतले पाणी त्या क्षणी उकळून फवाऱ्यासारखे वर येते. त्याने चेहरा, मान, हात भाजतात. वरची रबरी नळी हाताने निवांत दाबता येईपर्यंत, म्हणजे किमान अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावायचा नाही. उघडताना जाड फडके ठेवून आधी थोडेच फिरवायचे, फुसफुस थांबली की मग पूर्ण.

रस्ताच निदान करतो

भूगावहून कोकणात जाऊन येणारी गाडी नकळत तीन परीक्षा देते.

पहिली परीक्षा भूगावच्या रांगेत. गाडी उभी, समोरून हवा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इथे काटा वर गेला आणि गाडी चालू लागताच खाली आला, तर आधी पंखा बघायचा. घरी बघणे सोपे आहे: गाडी न्यूट्रलवर, हँडब्रेक लावून इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज, रिले, मोटर, वायर या क्रमाने तपास करावा. पंखा फिरत असूनही उभ्या गाडीत ताप चढत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. तिथे धूळ, किडे, वाळका पाला यांची गादी जमलेली असते. ती पुढून दिसत नाही. कमी जोराच्या पाण्याने आतून बाहेर धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात. एक ताकीद: विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, सैल बाह्या आणि मुलांची बोटे तिथून लांब ठेवा.

दुसरी परीक्षा पौडच्या पुढे, धरणाच्या कडेने जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर. इथे समोरून भरपूर हवा मिळते, पंख्याची फारशी गरज नसते. इथे गाडी तापली तर दोष हवेत नाही, पाण्यात आहे. कूलंट कमी आहे, पंप नीट फिरवत नाही, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवान. इंजिन थंड असताना तो वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो बंदच अडकला तर सकाळी गाडी काढल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काटा लालकडे धावतो. वरची नळी चटका बसेल इतकी गरम आणि खालची गारच, अशी त्याची खूण. याच टप्प्यावर तापाच्या दिव्याबरोबर बॅटरीचाही दिवा लागला तर पट्टा तुटला असे समजा. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि पंप एकाच पट्ट्यावर असतात. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

तिसरी आणि कठीण परीक्षा परतताना. विळ्याकडून ताम्हिणी चढताना इंजिनाला पूर्ण ताकद लावावी लागते, वेग कमी असतो, आणि डिकीत आता तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या, सुके बोंबील अशी भर पडलेली असते. रांगेत आणि मोकळ्या रस्त्यावर पास झालेली गाडी इथे नापास होते. तसे झाल्यास रेडिएटर अर्धा चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. निम्म्या नळ्या सपाट रस्त्याला पुरतात, चढाला पुरत नाहीत. चालकाची सवयही इथे दिसते. पेट्रोल वाचवायला वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवणारे खूप आहेत. त्यापेक्षा एक गिअर खाली घ्यावा. इंजिन मोकळे फिरले की पंपही जोरात फिरतो.

एक खूण मात्र या तिन्ही परीक्षांच्या बाहेरची आहे. खाली कुठेच गळत नाही, तरी दर आठवड्याला कूलंट कमी होते. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो. सकाळी गाडी सुरू करून मिनिटभरात वरची नळी दगडासारखी टणक होते. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. लगेच इंजिन उघडू देऊ नका. आधी प्रेशर टेस्ट आणि ब्लॉक टेस्ट करायला सांगा. ब्लॉक टेस्टमध्ये निळ्या द्रवातून रेडिएटरमधली हवा ओढतात, आणि त्या हवेत इंजिनाचा जळका वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. इंजिन खोलण्याचा खर्च हजारोंच्या घरात असतो, त्यापुढे ही तपासणी किरकोळ आहे.

आपलेच काही लाडके उपाय

नळाचे पाणी. बोअरच्या पाण्यात चहाची किटली ठेवली तर सहा महिन्यांत आत पांढरा थर बसतो. गाडीत तोच थर सुईएवढ्या नळ्यांत बसतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी रसायने नसतात, म्हणून पंप आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग आतून खात जातात. अडीअडचणीला घाटात पिण्याचे पाणी घातले तर हरकत नाही, गाडी घरी येते. पण आल्यावर आठवड्याच्या आत ते काढून योग्य कूलंट भरावे. तयार मिश्रण मिळते. घट्ट कूलंट घेतल्यास त्यात बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. हिरवे, लाल, निळे या रंगांवर जाऊ नये. रंग कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

हळद. रेडिएटर झिरपत असला की मूठभर हळद टाकायची, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. बारीक छिद्र तेवढ्यापुरते बुजते, हे खरे आहे. पण हळदीला गळके छिद्र आणि कामाची नळी यांतला फरक कळत नाही.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकणे. “आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, याची गरजच काय,” असे म्हणून तो काढून फेकणारे मिस्त्री आजही आहेत, आणि गिऱ्हाईकही खूश होते कारण काटा खाली राहतो. मला हा प्रकार सर्वांत जास्त खटकतो. तापमापक फोडून ताप गेला म्हणण्यासारखे आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन बराच काळ थंडच राहते. कॉम्प्युटरवर चालणारी गाडी इंजिन अजून गार आहे असे समजून जादा पेट्रोल ओतते, सरासरी घसरते, ऑइल नीट तापत नाही आणि आतली झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी आडवाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाणी रेडिएटरला न जाता त्या आडवाटेने गोल फिरत राहते आणि ज्या तापासाठी तो काढला तोच ताप वाढतो. नवा थर्मोस्टॅट काही हजारांचा नसतो. बदलून घ्यावा, आणि जुना हातात मागून घ्यावा. घरी पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवले तर तो उघडतो की नाही हे डोळ्यांनी दिसते. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विष आहे. त्याची चव गोडसर असते, म्हणून लहान मुले त्याकडे ओढली जातात, आणि थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची सवय काही घरांत आहे. ती आजच मोडावी. मुलाने प्यायल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

घाटात काटा चढला तर

अर्ध्याच्या वर जाऊ लागताच एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. मे महिन्यात हे ऐकून घरचे चिडतील, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढणारा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. यात एक चाचणीही होते: काटा वर आणि हीटरची हवा गार, म्हणजे कूलंट तिथपर्यंत पोचतच नाही. ते संपले आहे किंवा पंप बंद आहे. अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, नुसते दिवे असतात, निळा म्हणजे थंड आणि लाल म्हणजे अति गरम. लाल लागला की विचार करत बसू नये. काटा लालजवळ जाऊन अचानक खाली पडला तर आनंद मानू नका. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटे सांगतो.

वळण सोडून, रस्ता रुंद असेल तिथे थांबा. इंजिन बंद, धोक्याचे दिवे चालू, मागे त्रिकोण, चाकाला दगड. निघताना तो दगड उचलायचा, कारण मागून दुचाकीवाला येतो. लोक हे विसरतात. मुलांना आणि म्हाताऱ्यांना उतरवून डोंगराच्या किंवा दरीच्या कडेला नव्हे, सुरक्षित सावलीत बसवा. घाटात फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, म्हणून गाडीत पाच लिटर पाणी आधीपासून असावे आणि ते प्यायच्या पाण्याहून वेगळे असावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. नमाज, चहा, गप्पा, काहीही करा, पण अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग पातळी बघून सावकाश पाणी घाला, नळ्यांच्या सांध्यांवर हिरवा-पांढरा वाळका डाग आहे का ते बघा. एसीच्या नळीतून पडणारे स्वच्छ पाणी गळती नसते. रंगीत, बोटाला बुळबुळीत लागणारे ते कूलंट.

पाणी घालून निघाल्यावर पाच मिनिटांत पुन्हा काटा चढला तर टोइंगची गाडी बोलवा. ताम्हिणीच्या चढावर तापलेल्या इंजिनाने काढलेले दहा किलोमीटर हेड वाकवायला पुरेसे असतात, आणि ते वाकले की दुरुस्तीचा हिशेब हजारांत होतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्रीला कुठे तापली, किती वेळ चालल्यावर, एसी चालू होता का आणि कूलंट किती कमी झाले, हे सांगून मग गप्प बसावे. दुरुस्तीनंतर गाडी सरळ कोकणात नेऊ नका. संध्याकाळच्या गर्दीत भूगाव, मग पिरंगुटचा छोटा घाट चढून पौडपर्यंत आणि परत, एवढी फेरी मारा. नवीन कूलंट भरताना आत हवा अडकलेली असेल तर ती पहिल्या फेरीनंतर पातळी खाली आणते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बाटली बघून खुणेपर्यंत भरा. तिसऱ्या दिवशीही पातळी खाली गेली असेल तर गाडी त्याच दिवशी परत न्या.